पिकअप अजून चालू होत नसल्याबाबत

गिरणीतून, सिद्धगडाची बाजू,
ता. मुरबाड.
शनिवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थरूप रामूमामा यांच्या चरणी,
जावई स्वरूप याचा साष्टांग दंडवत.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त पिकअप खुशाल नाही. तुमची तब्येत कशी आहे? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात औषध वेळेवर टाकता ना, की चंद्रकला आत्यांनी बाटली पुढे केली की तुम्हाला नेमकं गोठ्यातलं काम आठवतं? गुडघ्याला लावायला आईने निर्गुडीचं तेल काढून ठेवलं आहे, ते या पत्रासोबत पाठवतो. आत्यांची कंबर कशी आहे? (बाळंतिणीला शेक द्यायचा, बाळाला न्हाऊ घालायचं आणि वर तुमच्याशी भांडायचं, एवढं सगळं एका कंबरेवर म्हणजे जास्तच झालं.) मिताली पोटभर जेवते का? भूमिकाला शिंका येत होत्या, त्या थांबल्या का? शिंका येणं बाळाला चांगलं असतं असं आई म्हणते, पण आई पिकअपबद्दलही बरंच काही म्हणते आणि त्यातलं अजून एकही खरं निघालेलं नाही.

तुम्ही म्हणाल, जावयाच्या खिशात मोबाइल असताना हा कागद काळे करत का बसलाय. त्याला कारण आहे. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी तुम्हाला एक प्रश्न विचारला की त्याचं उत्तर आत्या देतात, त्यावर मागून मिताली काहीतरी दुरुस्ती करते आणि शेवटी तुमची म्हैस ओरडते. इकडे माझी गिरणी चालू असते. त्यामुळे या आठवड्यात मी तुम्हाला जे सांगितलं ते तुम्हाला अर्धंच पोचलंय, तुम्ही मला जे सांगितलंत ते मला अर्धंच कळलंय, आणि या दोन अर्ध्यांची बेरीज करून मी पिकअपवर जे प्रयोग केलेत त्यांचं वर्णन पुढे येईलच. सुरज मेकॅनिकची सासुरवाडी तुमच्या किन्हवलीचीच आहे. तो उद्या सकाळी तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो.

मुद्दा तुम्हाला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण क्रमाने लिहिल्याशिवाय माझंच डोकं ठिकाणावर येणार नाही. मितालीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे तुमच्याकडे झालं, सव्वा महिना उलटला, आणि गेल्या रविवारी मी येऊन मायलेकींना घरी आणायचं असं ठरलं. तुमची अट एकच होती, की नात तुमच्या घरातून निघेल ती तुमच्या पिकअपमधूनच. मितालीसुद्धा आजोळहून पहिल्यांदा तुमच्या घरी आली ती याच गाडीत, सासूबाईंच्या मांडीवर, मागे भेंडीच्या जाळ्या आणि पुढे ही झोपलेली. (ही गोष्ट तुम्ही मला बारशाच्या दिवशी दोनदा सांगितलीत. दुसऱ्यांदा सांगता सांगता तुम्ही मध्येच उठून म्हशीला पाणी पाजायला गेलात. म्हशीने नुकतंच पाणी प्यायलं होतं.) दिवाळीत तुम्ही बाजाराला जाणं थांबवलंत आणि किल्ली माझ्या हातात दिलीत, तेव्हाही हीच अट होती. मला ती मान्य होती आणि अजूनही आहे. फक्त पिकअपला ती मान्य नसावी असं दिसतं.

बुधवारपर्यंत मी तिच्यातून भेंडी मुरबाडला नेत होतो. गुरुवारी तुम्ही नातीसाठी घर बघायला येऊन गेलात तेव्हा ती अंगणात उभी होती. शनिवारी मी तिला धुतली, पुसली, पुढच्या सीटवर मऊ गोधडी अंथरली, आईने बॉनेटला झेंडूची माळ घातली. रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो आणि किल्ली फिरवली. दिवे लागले. हॉर्न वाजला. वायपर कोणी सांगितलं नसताना हलला. सेल्फ खर्र खर्र खर्र करून मनापासून फिरला. आणि इंजिनाने काही म्हणता काही दाद दिली नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा खर्र खर्र. दर वेळी वाटायचं, आता घेतंय, आत्ता घेतंय, आणि मग नाही. शेवटी सेल्फचा आवाज इतका रडवेला झाला की आईच म्हणाली, सोड रे तिला, किती छळशील.

आता मामा, मी गिरणीवाला माणूस. मोटार, पट्टा, बेअरिंग, दगड, यात माझी दहावीनंतरची सगळी हयात गेली. फिरणारी कुठलीही वस्तू मला कळते असा माझा समज होता आणि तो मी गावात लपवून ठेवला नव्हता. पण गिरणीचं सोपं असतं. ती फिरली नाही म्हणजे वीज गेलेली असते. मग बाहेर येऊन शेजारी विचारायचं, तुमची आहे का? त्यांचीही गेली असेल तर आपण निर्धास्त. पिकअपच्या बाबतीत शेजारी नक्की काय विचारायचं तेच मला कळेना. मी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत उभा राहिलो. आतलं सगळं जागच्या जागी होतं. (कुठली वस्तू कुठल्या जागी असायला हवी हे मला माहीत नव्हतं, पण कोणतीही वस्तू जागा सोडून चालल्यासारखी दिसत नव्हती.)

दुसऱ्या दिवसापासून दळणाला येणाऱ्यांची मतं सुरू झाली. आमच्या गिरणीत डबा ठेवला की मत ठेवायची पद्धत आहे. तांदूळवाले म्हणाले बॅटरी. नाचणीवाले म्हणाले उंदराने वायर कुरतडली. एक आजी म्हणाल्या, डिझेलात पाणी झालं असणार, त्यांच्या स्टोव्हलाही एकदा असंच झालं होतं. आमच्या आळीतले निवृत्त एसटी ड्रायव्हर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर लाथ मारली आणि म्हणाले, एसटी असती तर चालू झाली असती. मी प्रत्येकाचं ऐकलं, कारण प्रत्येकाचं बोलणं ऐकताना मला ते खरं वाटायचं. ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावली. दिवे भर दुपारी डोळे दिपतील असे लागले, सेल्फ नव्या जोमाने फिरला, इंजिन ढिम्म. वायरी पाहिल्या. उंदराने खरंच एक वायर कुरतडली होती, ती जोडली, तर डावीकडचा इंडिकेटर लागला. तो गेली किती वर्षं लागत नव्हता तुम्हालाच ठाऊक. म्हणजे दुरुस्ती झाली, पण भलत्याच रोगाची.

मग तुमचं मार्गदर्शन. ते मी अक्षरशः पाळलं आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो. सोमवारी तुम्ही म्हणालात, जन्मभर राबलेली गाडी आहे, तिला जरा विसावा दे. दिला. मंगळवारी म्हणालात, सकाळी बॉनेट उघडं टाकून उन्हात ठेव, दुपारी झाक. ठेवली, झाकली. (पापडही आम्ही इतक्या निगुतीने वाळवत नाही.) बुधवारी म्हणालात, तिला किन्हवलीकडे तोंड करून उभं राहायची सवय आहे. मग आळीतली सगळी माणसं गोळा करून आम्ही तिला ढकलत ढकलत अंगणात वळवली आणि तिचं तोंड उत्तरेला केलं. त्यात तुळशीवृंदावनाचा एक कोपरा गेला. एकदा तुम्ही म्हणालात आवाज ऐकव. मी फोन इंजिनाजवळ धरला, आईने किल्ली फिरवली, आणि तुम्ही ऐकून म्हणालात, ‘‘हां, असाच करते ती.’’ ते ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी समाधानाने जेवलो. हे काही उत्तर नव्हतं, हे हात धुताना लक्षात आलं. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी तुमचं ठरलेलं वाक्य, ‘‘घाई करू नको रे, पोर इथं मजेत हाय.’’ मामा, तुमची गाडी बंद पडलीय आणि तुमचा आवाज असा शांत, याने मी फार गोंधळतो. माझ्या गिरणीचा पट्टा तुटला तर मला दोन दिवस जेवण जात नाही.

गुरुवारी रुपाताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कसाऱ्याहून आले. ते रेल्वेत आहेत, त्यामुळे जगातलं प्रत्येक इंजिन शेवटी आपल्याच खात्यात येतं असं त्यांना वाटतं. त्यांनी पिकअप पाहिली आणि म्हणाले, हिला बँकर लावला पाहिजे. घाट चढताना गाडीला मागून जास्तीचं इंजिन जोडतात आणि ते ढकलतं, तसं. आमच्याकडे जास्तीचं इंजिन म्हणजे ट्रॅक्टर. मध्ये जुना टायर धरून ट्रॅक्टर मागे लावला. मी पिकअपमध्ये, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून. दाजी बाजूने धावत हिरवा टॉवेल हलवत. गिरणीपासून शेतापर्यंत चांगला उतार आहे, तो संपत आला तेव्हा दाजींनी टॉवेल उलटा केला, म्हणजे क्लच सोड. मी सोडला. गाडीने तीन-चार आचके दिले, माझं डोकं छताला लागलं, आणि ती गपगार होऊन भेंडीच्या वाफ्यात शिरली ती बांधाला टेकूनच थांबली. इंजिनाने एवढ्या प्रवासात एकदाही हूं की चूं केलं नाही. बैल लावून तिला घरी आणावी लागली आणि पुन्हा उत्तरेला वळवावी लागली. रूळ नसल्यामुळे असं झालं, असं दाजींचं मत आहे.

आई तिच्या वाटेने गेलीच आहे. मीठ-मोहरी ओवाळून झाली, लिंबू झालं. पण तिचं खरं दुखणं वेगळं आहे. बाळ पहिल्यांदा उंबऱ्याशी आलं की भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, म्हणून ती रविवारपासून रोज सकाळी तांदळाची एक भाकरी वेगळी करून ठेवते, न जाणो गाडी आज चालू झाली तर. संध्याकाळी ती भाकरी शेजारच्या गोदूकाकींच्या कुत्र्याला जाते. तो आता दुपारपासूनच आमच्या ओट्यावर येऊन बसतो आणि पिकअपकडे बघत राहतो. गाडी चालू होऊ नये असं वाटणारा गावात तो एकटाच आहे.

शेवटी सुरजला बोलावलं. त्याने पाइप सोडून दाखवला. पंपापर्यंत डिझेल येतं, पंपातून पुढे जात नाही. म्हणजे पंप बसला, असा त्याचा निकाल. पंप उतरवून कल्याणला पाठवावा लागेल. इतक्या जुन्या गाडीचं सामान मिळतं की नाही ते तिथे गेल्यावर कळेल, आणि मिळालं तर कधी ते त्याच्याही पुढे कळेल. आज संध्याकाळी तो पंप काढायला येणार आहे.

म्हणून मामा, मी तुम्हाला परवा विचारलं की यावेळेपुरती अट बाजूला ठेवू या का. दाजींची चारचाकी आहे, तर तुम्ही म्हणालात तिच्यातल्या थंड हवेने पोरीला सर्दी होईल. एसी बंद ठेवतो म्हटलं, तर काचा बंद असलेल्या गाडीत ती घुसमटेल. काचा उघडतो म्हटलं, तर वारा लागेल. रिक्षाला सरळगावच्या पुढचे खड्डे आडवे आले. एसटीला गर्दी. तुमची प्रत्येक हरकत मला पटली, हेच तर अवघड आहे. पण एक गोष्ट आता स्पष्ट लिहितो, कारण फोनवर सगळ्यांसमोर ती तोंडातून निघत नाही. मला माझी पोरगी माझ्या घरात हवी आहे. बारशाला मी तिला हातात घेतलं, तर आत्यांनी मान सांभाळ, मान सांभाळ म्हणत लगेच काढून घेतली. इथे पाळणा आढ्याला टांगून ठेवलाय. मी येताजाता त्याला नकळत झोका देतो आणि रिकामा पाळणा हलवू नये म्हणून आईची बोलणी खातो. पंप कल्याणला गेला की होळी होईल, पाडवा होईल, आणि माझी लेक मला ओळखेल ती फोनमधला गिरणीचा आवाज म्हणून. मिताली काही बोलत नाही, पण काल फोन ठेवताना ती दोनदा ‘ठेवते’ म्हणाली आणि तरी तिने ठेवला नाही.

तरी पंप पाठवावा की कसं, आणि मायलेकींना कधी आणि कशातून आणावं, याचं उत्तर सुरजबरोबर कागदावर लिहून द्यावं, म्हणजे मध्ये आत्या आणि म्हैस येणार नाहीत. आत्यांना नमस्कार, भूमिकाच्या गालाला माझ्या वतीने हळूच हात लावावा.

आपला आज्ञाधारक आणि सध्या काहीही न कळणारा,
स्वरूप

ता. क. वरचं पत्र घडी घालून ठेवलं होतं, ते पुन्हा उघडावं लागलं. सुरज आला. पण गाडी उघडायची तर आधी झाडायची, असं आईने जाहीर केलं (आई डॉक्टरकडे जायच्या आधीसुद्धा घर झाडते) आणि खराटा घेऊन ती ड्रायव्हरच्या सीटखाली शिरली. खराटा कशात तरी अडकला. तिने जोर लावून ओढला. टक् असा आवाज आला. त्याच वेळी, पंप कसा बसलाय ते दाखवायला म्हणून, सुरजने मला किल्ली फिरवायला सांगितली होती. आणि मामा, इंजिनाने घेतलं. असं तसं नाही, पहिल्या झटक्यात. काळा धूर निघाला, कोंबड्या माडावर चढतात की काय असं झालं, आई हातात खराटा घेऊन अंगणातच बसली. सुरजने सीटखाली डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाला, ‘‘आयला, चोरबटण हाय इथं!’’ मला तो शब्दच नवा. त्याने सांगितलं की बाजाराला जाणारे जुने गाडीवाले गाडी चोरीला जाऊ नये म्हणून असं एक बटण कुठेतरी लपवून बसवायचे. ते बंद केलं की पंपातून पुढे डिझेल जात नाही. सेल्फ फिरत राहतो, धक्का मारा की ट्रॅक्टर लावा, गाडी चालू होणार नाही. आणि ते कुठे आहे हे गाडीच्या मालकाशिवाय कोणालाच माहीत नसतं.

मी उशिरा समजणारा माणूस आहे, पण अंगणात इंजिन चालू असताना मला समजलं. मागच्या आठवड्यातल्या त्या गुरुवारी तुम्ही आलात. खिडकीच्या कड्या बघितल्यात, पाळण्याची दोरी ओढून बघितलीत, न्हाणीत विंचू निघतात का विचारलंत. आईने जेवायला वाढलं, ते नातीच्या नावाने जेमतेम जेवलात. आई म्हणाली, आजची रात राहा, तर तुम्ही म्हणालात, ‘‘लेकीच्या घरी मी रात काढायचा नाय, सुंदराबाय. आमच्यात ते चालत नाय.’’ मग एसटीची वेळ होईपर्यंत जरा हिच्यात बसतो म्हणून पिकअपमध्ये जाऊन बसलात. मी चहा घेऊन आलो तेव्हा तुमचा हात कोपरापर्यंत सीटखाली होता. तंबाखूची पुडी पडली म्हणालात. मीही तुमच्याबरोबर ती शोधली. पुडी तुमच्या खिशातच निघाली आणि आपण दोघे हसलो.

मला राग आला, मामा. लपवत नाही. उन्हात वाळवलेली गाडी, तुळशीचा कोपरा, मोडलेला भेंडीचा वाफा, गाडीच्या नाकाशी फोन धरून उभा असलेला मी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तरातरा गिरणीत गेलो आणि तुम्हाला फोन लावला, की आता आत्या असोत, म्हैस असो, बोलून टाकायचंच. फोन मितालीने उचलला, पण पोर रडत होती म्हणून तो तसाच बाजूला ठेवला. तिकडे तुमचा आवाज येत होता. तुम्ही भूमिकाला मांडीवर घेऊन गाडी चालवत होतात. तोंडाने घर्र घर्र करून, चला बाय, बसा बाय, किन्हवली सुटली, शाळा गेली, नदीचा पूल गेला, सरळगाव आलं. पोर रडायची थांबली. आता मुरबाड येणार म्हणून मी कान देऊन उभा होतो. पण तुम्ही सरळगावच्या नाक्यावर गाडी वळवलीत आणि तिला परत किन्हवलीला आणलीत. मग पुन्हा निघालात. पुन्हा सरळगाव, पुन्हा मागे. मी बराच वेळ ऐकलं. तुम्ही एकदाही मुरबाडला आला नाहीत. मी फोन बंद केला आणि राग कुठे ठेवला होता तो मला नंतर सापडेना.

दुसरा ता. क. थोड्या वेळाने मितालीचाच फोन आला. मी तिला बटणाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मला पयल्या दिवशीच समजला होता. लहानपणी मीच त्याच्याशी खेळायची. बाबांना काय बोलू नका.’’ म्हणजे मी आठवडाभर जे उपद्व्याप केले ते माझी बायको तिकडे बसून, सगळं माहीत असून, ऐकत होती. यावर मी आणखी एकदा रागावणार होतो, पण ती पुढे म्हणाली की सासूबाई गेल्यापासून तुम्ही घरात जेवत नव्हतात, ताट घेऊन पिकअपमध्ये जाऊन बसायचात. बाळ आल्यापासून पुन्हा चुलीजवळ बसून जेवायला लागलात. ‘‘आम्ही निघालो की आत्याही तिच्या घरी जाणार, मग बाबा कुठं बसून जेवणार, आता तर गाडीपण तुमच्याकडं.’’ आणि मग रडायला लागली, ‘‘मला घरी यायचाय ओ. मला दोन्हीकडं राहायचाय.’’ तेव्हापासून मी तांदळाच्या पिठाच्या डब्यावर बसून विचार करतोय.

तिसरा ता. क., आणि पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच आहे असं धरून चाला. बटण मी परत बंद केलं आहे. आईने काही पाहिलं नाही, तसं तिने कबूल केलं आहे. सुरजने पंपाला हात लावलेला नाही आणि तो गिरणीत सगळ्यांना सांगून गेलाय की ही गाडी रामूमामांशिवाय कोणाला दुरुस्त होणार नाही, त्यांनाच बोलवावं लागेल. आळीला ते पटलं. दाजींनाही पटलं. लेकीच्या घरी बाप राहत नाही, ही तुमची रीत मोडा असं मी म्हणत नाही, तुम्ही मोडणारही नाही. पण मिस्त्रीला अशी रीत नसते. मिस्त्री काम संपेपर्यंत राहतो. त्याला दोन वेळचं जेवण, चहा आणि ओटीवर खाट देणं हे गाडी ज्याच्या दारात आहे त्याचं काम असतं, आणि इतक्या जुन्या गाडीचं काम कधी संपेल हे कोणालाच सांगता येत नाही. आईने खाट काढून तिला ऊन दाखवलं आहे. बुधवारी मी दाजींची गाडी घेऊन येतो. काचा किती उघडायच्या ते तुम्ही पुढे बसून, भूमिकाला मांडीवर घेऊन, वाटेत ठरवा. तुमच्या अटीचं म्हणाल तर ती मोडत नाही, पुढे जाते. पिकअप दुरुस्त झाली की तिच्यातून पहिल्यांदा पोरीला फिरवायचं ते तुम्हीच. कोण विचारणार आहे, इतके दिवस का लागले म्हणून. विचारलंच, तर मी गिरणीत ठामपणे सांगेन की पंपाचं काम नाजूक असतं. येताना पाने-पक्कड थोडे आणलेत तरी चालतील, मामा. कपडे मात्र जास्त आणा.